तिले सांगू नोका!

दर्यापूर तसं माहितीचं गाव. कापसाचा भाव आज कुठे किती निघाला, शकुंतला रेल्वे पुन्हा कधी धावणार, येत्या निवडणुकीत कोणाचं तिकीट कापलं जाणार आणि कोणाच्या पोराचं कोणाच्या पोरीशी जुळत आलंय, हे सगळं बस स्टँडजवळच्या टपरीवर अर्धा कप चहात कळतं. विचारावं लागत नाही, नुसतं उभं राहावं लागतं. माहिती नसते ती एकाच व्यक्तीला. जिच्या पोटात कर्करोग आहे, तिला.

नवऱ्याला माहीत असतं. दिराला माहीत असतं. पुण्याला कंपनीत असलेल्या पोराच्या मोबाईलवर रिपोर्टचा फोटो गेलेला असतो आणि तिथून तो भावकीच्या ग्रुपवर येऊन पडलेला असतो. मेडिकलवाल्याला चिठ्ठी वाचून कळलेलं असतं. शेजारणीला घरातल्या कुजबुजीवरून कळलेलं असतं. आणि डॉक्टरांच्या केबिनच्या दाराशी मोठा मुलगा आवाज उतरवून सांगत असतो, "साहेब, मायले सांगू नोका. टेन्शन घेईन." साहेबही मान डोलावतात, कारण बाहेर अजून बरीच रांग आहे आणि खरं सांगायला वेळ लागतो. मग बाहेरच्या बाकावर बसलेल्या मायला सांगितलं जातं, "काई नाई वं माय, साधी गाठ हाये. औषधानं जिरते."

ही माय कोण? बोंडअळीनं उभी पराटी खाल्ली त्या साली मंगळसूत्र गहाण टाकून घर चालवलेली. सोसायटीच्या नोटिसा चुलीमागे दडवून नवऱ्याला धीर दिलेली. तेव्हा तिच्या टेन्शनची काळजी कोणी केली नव्हती. ती आता एकदम उफाळून आली आहे.

* * *

विषय अंडाशयाच्या कर्करोगाचा आहे. भारतातल्या बायकांमध्ये स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगानंतर हाच तिसरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ चा अंदाज सांगतो की देशात वर्षाला ४७ हजारांवर बायकांना तो होतो आणि सुमारे ३३ हजार बायका त्यानं जातात. ८ मे हा त्याचा जागतिक दिवस, २०१३ पासून पाळला जातो. त्या दिवशी आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या आसपास आणि लग्नसराई ऐन भरात, त्यामुळे वऱ्हाडाला त्याची खबर नाही. खबर असती तर एक फ्लेक्स लागला असता, त्यावर चाळीस पुढाऱ्यांचे फोटो असते आणि अंडाशय कोपऱ्यातसुद्धा दिसलं नसतं.

या आजाराला चोरपावलांचा म्हणायची पद्धत आहे. त्यात सगळ्यांचीच सोय होते: चोर दिसलाच नाही म्हटलं की राखणदाराला कोणी जाब विचारत नाही. प्रत्यक्षात चार खुणा असतात आणि चारही उघड्या. पोट फुगलेलं राहणं. दोन घासांत पोट भरणं. पोटात, ओटीपोटात दुखत राहणं. लघवीला सारखं किंवा घाईनं जावं लागणं. एखाद्या दिवशी हे कोणालाही होतं; भंडाऱ्याची पंगत उठली की अख्ख्या गावाला होतं. पण पूर्वी नसलेला हा त्रास महिन्यातले बारा-बारा दिवस होऊ लागला, तर सीए-१२५ नावाची रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यायची असते. ब्रिटनच्या डॉक्टरांना तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी २०११ सालीच हे लिहून दिलंय. वर हेही सांगितलंय की पन्नाशीनंतर एखादीची आतडी पहिल्यांदाच बिघडल्यासारखी वाटली, तर आधी अंडाशय बघा.

आपला क्रम निराळा. पहिल्या महिन्यात ओवा आणि काळं मीठ. दुसऱ्या महिन्यात मेडिकलवरून गॅसची पुडी, जी आणायला नवरा जातो आणि 'बायकोले गॅस हाये' एवढ्यावर घेऊन येतो. तिसऱ्या महिन्यात 'हरभऱ्याची डाळ बंद कर' हा सासूबाईंचा आदेश. चौथ्या महिन्यात सलाईन, कारण वऱ्हाडात बाटली लागल्याशिवाय दवाखान्यात जाऊन आल्यासारखं वाटत नाही. पाचव्या महिन्यात परकराची नाडी पुरेनाशी होते, तेव्हा जाऊ म्हणते, "अंगानं भरली वं बाई!" भरलेलं फक्त पोट असतं. दंडावरची चोळी सैल झालेली, गालाची हाडं वर आलेली, आणि पोटात पाणी. तेवढ्यावरून तरी कोणाला शंका यावी, पण गॅस या निदानाची एकदा सवय लागली की घर ते सोडत नाही.

पाण्याचंही एक लचांड आहे. पोटात पाणी, वजन उतरलेलं, सीए-१२५ वाढलेलं, हे सगळं पोटाच्या क्षयरोगातही दिसतं. आपल्या देशात क्षयरोगाला तोटा नाही, त्यामुळे कर्करोगाच्या बाईला टीबीच्या गोळ्या चालू होतात आणि कधी याच्या उलटही घडतं. म्हणून पाण्याचा किंवा गाठीचा नमुना तपासल्याशिवाय कुठल्याच गोळीवर महिनोन्‌महिने विसंबू नये. आणि गाठ अजून अंडाशयापुरती असेल, तर ती 'छोटंसं ऑपरेशन' म्हणून कुठेही काढून घेऊ नये. काढताना ती पोटात फुटली तर पहिल्या टप्प्यातल्या आजाराची पायरी तिथेच खाली घसरते. बायकांच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया शिकलेला सर्जन वेगळा असतो. बोअर मारायला पाणाड्या शोधताना आपण चार गावं फिरतो, इथे निदान दोन डॉक्टर तरी विचारावेत.

* * *

आता खात्री देणाऱ्यांकडे वळू. "पिशवी काढेल हाये न, मंग काय होते?" हे वाक्य दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर कुठेही ऐकायला मिळतं. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते काढताना अंडाशयं अनेकदा जागेवरच ठेवतात, आणि कमी वयाच्या बाईच्या बाबतीत ती ठेवणंच शहाणपणाचं असतं. पण काढलं काय, ठेवलं काय, हे त्या बाईला विचारा. तिला माहीत नसतं. तिच्याच पोटातून काय गेलं याचा कागद ट्रंकेत आहे, आणि ट्रंकेची किल्ली मालकाकडे.

दुसरी खात्री शिबिराची. 'शिबिरात तपासणी झाली, सगळं नॉर्मल निघालं.' सरकारच्या तपासणी मोहिमेत तीन कर्करोग धरलेले आहेत: तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. गर्भाशयमुखाची तपासणी ही चांगलीच गोष्ट, ती जरूर करून घ्यावी. पण तिच्यात अंडाशय दिसत नाही. यात सरकारवर दात खाण्यात अर्थ नाही, कारण काहीच त्रास नसलेल्या बाईत हा आजार वेळेत पकडून तिचा जीव वाचवेल अशी तपासणी जगात कुठेच नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली. २०२१ साली निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणजे यंत्राच्या हातात जे नाही, ते बाईच्या तोंडात आहे. ती सांगते तेव्हा ऐकणं, एवढीच सध्याची तपासणी. आणि नेमकी तीच आपल्याला महाग पडते.

फरक किती पडतो? अमेरिकेतले आकडे सांगतात की आजार अंडाशयापुरता असताना सापडला तर दहातल्या नऊ बायका पाच वर्षांच्या पुढे जातात. लांबवर पसरल्यावर सापडला तर दहातल्या तीन. बहुतेक बायकांचा आजार पसरल्यावरच सापडतो.

अभिनेत्री मनीषा कोईरालाचा आजार २०१२ साली सापडला, तोही पुढच्या टप्प्यात. न्यूयॉर्कला ऑपरेशन झालं, किमो झाली आणि बाई पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. आपल्या आजाराबद्दल तिनं २०१८ साली पुस्तक लिहिलं, सभांमधून बोलली, टक्कल झालेले फोटो लोकांसमोर ठेवले. तिच्याकडे न्यूयॉर्कचे पैसे होते, हे कबूल. पण आजाराचं नाव मोठ्यानं घ्यायला पैसे लागत नाहीत.

कोवळ्या पोरींचं आणखी एक. अंडाशयाच्या गाठीचे काही प्रकार पंधरा-वीस वर्षांच्या मुलींनाही होतात. गाठ झपाट्यानं वाढते, पोट दिसू लागतं. अविवाहित मुलीचं पोट दिसलं की आपल्या गावाला आजार सोडून भलतंच सुचतं, आणि आई-बाप दवाखान्याऐवजी तिला मामाच्या गावी नेऊन ठेवतात. गाठीचे हे प्रकार किमोला चांगली दाद देतात. पुष्कळ मुली पूर्ण बऱ्या होतात, आणि अनेकींचं दुसरं अंडाशय व गर्भाशय वाचवता येतं. मामाच्या गावात ही सोय नाही.

* * *

निदान झालं की एक फाईल जन्माला येते. कापडाच्या दुकानाची जाड पिशवी, आत सोनोग्राफीची फिल्म, सीटी स्कॅनचं मोठं पाकीट, आधार कार्डाच्या आणि शिधापत्रिकेच्या ढीगभर झेरॉक्स, रबरबँड लावलेली बिलं. ती पिशवी दर्यापूरच्या उपजिल्हा रुग्णालयातून अमरावतीला 'इर्विन'मध्ये किंवा 'डफरीन'मध्ये जाते, नाहीतर अकोल्याला 'सर्वोपचार'ला. तिथून नागपूर, आणि मग मुंबईचं 'टाटा' रुग्णालय. एवढ्या प्रवासात ती फाईल एकदाही बाईच्या हातात येत नाही. जाताना पोराच्या काखेत, येताना जावयाच्या डिक्कीत.

ओपीडीतला देखावा कोणीही जाऊन बघावा. डॉक्टर तिच्याकडे बघून विचारतात, "जेवण जातं का?" उत्तर नवरा देतो, "जाते न साहेब, दोन पोया खाते." ती काल अर्धीच पोळी खाऊन उठलेली असते. "शौचाला?" उत्तर पोरगा देतो. "दुखतं कुठे?" दीर स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवतो. ती खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली असते. तिघा पुरुषांच्या साक्षीनं तिच्या पोटाचा खटला चालतो आणि फिर्यादीलाच बोलायची परवानगी नसते.

खटल्यावरून आठवलं. खरा खटलाही झालेला आहे. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित बाई तपासणीसाठी दवाखान्यात गेली. तपासणीपुरती भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, दोन्ही अंडाशयं काढून टाकली. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या नावानं ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी २००८ मध्ये निकाल लागला: सज्ञान बाईच्या शरीराबद्दल तिच्या वतीनं आईलाही संमती देता येत नाही. जिवावर बेतलेलं नव्हतं, शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. डॉक्टरांना फी सोडावी लागली आणि २५ हजार रुपये भरपाई द्यावी लागली. सख्ख्या आईला जो अधिकार कोर्टानं दिला नाही, तो आपल्याकडे चुलत दीर बिनदिक्कत वापरतो.

'पण ऐकून ती खचली तर?' हा प्रश्न खोटा नाही आणि विचारणारा वैरी नाही. पोराचा घसा दाटलेला असतो, हेही खरं. पण तिला कळत नाही, या समजुतीत राहू नका. नागपूरच्या हॉस्पिटलच्या पाटीवर 'कॅन्सर' हा शब्द मराठीत लिहिलेला आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस गेलेले तिला दिसतात. सून रडून आलेली दिसते. ती समजून चुकलेली असते आणि तुम्हाला टेन्शन येऊ नये म्हणून 'साधी गाठ' मान्य करते. मग दोन्ही बाजू एकाच घरात, एकाच ताटावर बसून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतात. तिला विचारायचं असतं की किती दिवस, किती खर्च, वावर विकताय काय, धाकटीचं काय. विचारायला माणूस नसतो. भरल्या घरात एवढी एकटी पडलेली बाई दुसरी नसेल.

सगळं एका दमात तोंडावर फेकावं, असं कोणी म्हणत नाही. सरळ मार्ग आहे. तिलाच विचारावं: "माय, तुले किती सांगू? सारंच सांगू, की लागलं तेवढंच?" काही बायका म्हणतील, पोराला सांगा, मला नको. तोही तिचाच निर्णय, आणि तो पाळावा. एवढंच की तो तिनं घेतलेला असावा.

* * *

माहिती अशी दडवायची म्हटल्यावर जागा रिकामी राहत नाही. ती भेटायला येणारे भरून काढतात. वऱ्हाडी माणूस आजाऱ्याला भेटायला जाण्यात कसूर करत नाही, हा आपला मोठाच गुण. बिस्किटाचा पुडा, दोन नारळ, आणि सोबत उपदेश फुकट. एक म्हणतो पपईच्या पानाचा रस. दुसरा म्हणतो गोमूत्र. तिसऱ्याकडे मेळघाटातल्या एका वैदूचा नंबर असतो. चौथी बाई खाटेजवळ बसून सांगते की तिच्या नणंदेला 'अस्संच' झालं होतं आणि ती चार महिन्यांत गेली. चहा होतो. पाहुणे उठतात. बिचारीला धीर दिल्याचं समाधान घेऊन घरी जातात.

किमो चालू असताना पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात. तेव्हा खोकणारा पाहुणा हा पाहुणा नसून संकट आहे. त्याला ओसरीवरूनच वाटेला लावावं, त्यात पाप नाही. आणि किमोनंतर ताप शंभरच्या वर चढला, तर गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री गाडी काढून दवाखाना गाठायचा. सारख्या उलट्या होऊन पोट तट्ट झालं आणि शौच-वारा दोन्ही बंद पडले, तरी तसंच. या दोन गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ हव्यात. नारळ आणणाऱ्यांपैकी एकालाही त्या माहीत नसतात.

या आजारात साधारणपणे पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही दोन औषधं दर तीन आठवड्यांनी देतात, बहुतेकदा सहा वेळा. ऑपरेशन आधी, शेवटी किंवा मध्ये. केस जातात, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि नंतर परत येतात. बोटांचं कोणी सांगत नाही. पॅक्लिटॅक्सेलनं हातापायाची बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, कधी महिनोन्‌महिने. मुंबईच्या बाईला ब्लाउजचा हूक लावता येत नाही. दर्यापूरच्या बाईला वेचणीला गेल्यावर बोंडाचं टोक नखाखाली शिरलेलं कळत नाही, चुलीवरचा तवा हातानं सरकवल्याचं कळत नाही, चप्पल पायातून निसटून वावरात पडली तरी कळत नाही. घरचे म्हणतात आळशी झाली. तिनं हे डॉक्टरांना सांगितलं तर डोस बदलता येतो. पण सांगणार कशी? उत्तरं तर नवरा देतोय.

आजार परत येऊ शकतो, पुढच्या टप्प्यातला तर बहुतेक वेळा येतो. हेही तिला माहीत असलेलं बरं. पहिल्या किमोनंतर 'बरी झाली' म्हणून फाईल माळ्यावर टाकणारी घरं पुष्कळ आहेत. ही बाई काही वर्षं आजारासोबत जगणार आहे, तपासणीच्या तारखा सांभाळत, मधल्या काळात शेतात जात, नातवाचं करत. तारखा तिला माहीत हव्यात, कारण त्या तारखांना घरातल्या बाकीच्यांच्या सोयाबीनची मळणी असते.

* * *

मदत कुठे आहे, तेही एकदा सांगून टाकू, कारण ही माहिती टपरीवर मिळत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ साली वेगळ्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. आता शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. भरती व्हायच्या आधी त्याला गाठून विचारा की ऑपरेशन, किमो आणि तपासण्या यांतलं काय योजनेत बसतं आणि काय नाही. बिल हातात आल्यावर आरोग्यमित्र आठवून उपयोग नसतो.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्यात ७५ टक्के सवलत. दवाखान्यातून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्यायचा असतो. मूर्तिजापूरहून किंवा बडनेऱ्याहून मुंबईची गाडी धरणारी किती घरं हा दाखला न घेता पूर्ण तिकीट काढतात, ते एकदा स्टेशनवर जाऊन विचारा.

राहायचं कुठे? इथे वऱ्हाडची मान ताठ व्हावी. शेंडगाव आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात. तिथे जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे आणि टाटा रुग्णालयात येणारे गोरगरीब कर्करुग्ण तिथे मुक्काम करतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला नाव आहे ते यावलीच्या तुकडोजी महाराजांचं, जे स्वतः १९६८ साली कर्करोगानंच गेले. अमरावती जिल्ह्याचे दोन संत कर्करुग्णाच्या वाटेवर मुंबईत आणि नागपुरात आधीच जाऊन उभे आहेत. गाडगेबाबांनी सांगितलेल्या कामांत रोग्याला औषधोपचार आहे, बेघराला आसरा आहे, आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत देणंही आहे. त्यांच्या जयंतीला झाडू घेऊन फोटो काढणाऱ्यांनी हे शेवटचं कलम वाचलेलं दिसत नाही. हिंमत द्यायची म्हणजे खरं बोलून सोबत बसायचं. खोटं बोलून बिस्किटाचा पुडा ठेवायचा नाही.

* * *

आता लपवण्याचं खरं कारण. मायचं टेन्शन हे सांगायचं कारण झालं. मनातलं वेगळं असतं आणि ते रात्री जेवणं उरकल्यावर बाहेर येतं: "बोभाटा करू नोका. पोरीचं लगन व्हाचं हाये."

या वाक्यापुढे अख्खं दर्यापूर मान तुकवतं. मायला कर्करोग आहे हे कळलं तर पोरीला स्थळ येणार नाही, म्हणून आजार पोटात आणि नाव ओठात ठेवायचं. पोरीच्या भल्यासाठी सगळं.

आणि ज्या पोरीच्या भल्यासाठी हे चाललंय, तिलाच ही माहिती सगळ्यात जास्त लागते. अंडाशयाच्या कर्करोगाचा एक भाग घराण्यात उतरतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं सगळ्यांच्या अंगात असतात. त्यांत जन्मजात बिघाड असला तर धोका वाढतो. एरवी शंभर बायकांत जन्मभरात एखाद-दुसरीला हा आजार होतो. पहिल्या जनुकात बिघाड असेल तर शंभरात चाळिसांहून जास्त जणींना, दुसऱ्यात असेल तर सतराच्या आसपास. स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही त्यासोबत वाढतो. हा बिघाड प्रत्येक लेकराकडे जाण्याची शक्यता निम्मी, मग ते मुलगा असो की मुलगी. बापाकडूनही तो येतो. म्हणजे आत्याला झालेला आजार भाचीच्या घरी चौकशीला येऊ शकतो, आणि 'आमच्या घरात कोणाले नाई' असं छातीठोक सांगणारा मामा फक्त स्वतःच्या बाजूचं सांगत असतो.

म्हणूनच हा आजार झालेल्या बाईची रक्तातून जनुक-तपासणी करावी, असं आता डॉक्टर सांगतात. तिच्या पुढच्या गोळ्या ठरवायलाही त्याचा उपयोग होतो. बिघाड निघाला तर लेकींची आणि बहिणींची तपासणी करता येते. बिघाड असलेल्या लेकीला लेकरंबाळं झाल्यावर, पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान, अंडाशयं आणि बीजनलिका काढून टाकायचा सल्ला देतात. धोका त्यानं फार मोठ्या प्रमाणात खाली येतो. ज्या आजाराला तपासणी नाही, त्यातून वेळेआधी निसटायची ही एक फट आहे. ती आपण लग्नाच्या भीतीनं बुजवून टाकतो. पोरगी चाळिशीत सासरी पोट धरून बसते, तेव्हा तिला कोणी सांगत नाही की माय गॅसनं गेली नव्हती. तिची सासू तिला ओवा देते.

ज्या घराला खरं सांगितल्यावर स्थळ मोडतं, ते मोडलेलंच बरं. त्या घरात पोरीचं पोट दुखलं असतं तर फाईल कोणाच्या काखेत गेली असती, हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा घरात कर्त्या म्हणवणाऱ्यांनो, तीन कामं करा. पुढच्या तारखेला डॉक्टरांनी प्रश्न विचारला की तोंड बंद ठेवा आणि तिला बोलू द्या. कुठला आजार, कितवा टप्पा, कुठलं औषध, पुढची तारीख कधी, हे तिला कळेल अशा भाषेत कागदावर लिहून मागा. आपल्या आजाराची माहिती आणि आपले रिपोर्ट मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, उपकार नाही. आणि लेकीला समोर बसवून मायच्या आजाराचं नाव सांगा, मांडव पडायच्या आधी.

फाईल मायच्या नावावर आहे. ती तिच्या हातात द्या.